सीपीएम मशीन घरी आणताना: पडद्यावरचा आकडा आणि गुडघ्याचा कोन

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पाय आपोआप वाकवणाऱ्या सीपीएम मशीनच्या रिमोटवर, पडद्यावर ९० आलं की गुडघा ९० अंशांत वाकला, असं घरातले सगळे धरून चालतात. विचारपूस करणाऱ्या नातेवाइकांना फोनवर तसं सांगितलंही जातं. मग फिजिओथेरपिस्ट येतात, गोनिओमीटर (सांध्याचा कोन मोजायची पट्टी) लावतात आणि ७५ सांगतात. पेशंटचा चेहरा उतरतो. मशीन दाखवतं तो त्याच्या स्वतःच्या बिजागरीचा कोन. गुडघा त्याच्याबरोबर किती वाकला हे त्याला कळत नाही. घरी सीपीएम वापरताना होणारे बहुतेक घोळ या फरकातून येतात.

सीपीएम म्हणजे कंटिन्युअस पॅसिव्ह मोशन. पाय मशीनवरच्या झोळीत ठेवायचा, पट्टे लावायचे, आणि मोटर ठरवून दिलेल्या दोन कोनांमध्ये गुडघा सावकाश वाकवत आणि सरळ करत राहते. पेशंटने जोर लावायचा नसतो. मशीनमध्ये फार काही गुंतागुंत नाही: खाली एक लांब चौकट, तीवर मागे-पुढे सरकणारा गाडा, मांडीचा आणि पोटरीचा असे दोन आधार, मध्ये बिजागरी, टोकाला तळव्याची पाटी, आणि वायरने जोडलेला रिमोट. या रिमोटवर थांबवायचं बटण असतं आणि तो पेशंटच्याच हातात असायला हवा. शेजारी बसलेल्या मुलाच्या किंवा सुनेच्या हातात नको.

कल्पना टोरांटोच्या लहान मुलांच्या हॉस्पिटलमधले अस्थिशल्यविशारद रॉबर्ट सॉल्टर यांची. सांधा दुखावला की प्लास्टर घालून तो पूर्ण स्थिर ठेवायचा, ही तेव्हाची रीत. १९७० च्या सुमारास सॉल्टर यांनी सशांच्या गुडघ्यांवर नेमका उलटा प्रयोग सुरू केला. सांध्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थराला, रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण सांध्यातल्या द्रवातून होतं, आणि तो द्रव कूर्चेत मुरायला हालचाल लागते. प्लास्टरमध्ये ठेवलेल्या सांध्यांपेक्षा सतत हलवलेल्या सांध्यांमधली कूर्चा चांगली भरून आली. जॉन सॅरिंजर या इंजिनिअरच्या मदतीने माणसांसाठीचं यंत्र तयार झालं आणि १९८० च्या दशकात ते गुडघा बदलण्याच्या ऑपरेशननंतर सर्रास लावलं जाऊ लागलं.

आधी हे ठरवा: मशीन लागणार आहे का?

गुडघा बदलण्याचं साधं, गुंतागुंत नसलेलं ऑपरेशन झालं असेल तर बहुधा नाही. २०१४ च्या कोक्रेन आढाव्यात (कोक्रेन ही अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र तपासणारी संस्था) २४ चाचण्या आणि १४४५ पेशंट एकत्र पाहिले गेले. मशीन वापरलेल्यांचा गुडघा सरासरी २ अंश जास्त वाकत होता. एकाच गुडघ्याला दोघांनी गोनिओमीटर लावला तरी यापेक्षा जास्त फरक पडतो. दुखणं आणि रोजची कामं यांत जाणवण्यासारखा फायदा दिसला नाही. एक गोष्ट मात्र मशीनच्या बाजूने आली: पुढे भूल देऊन गुडघा वाकवून घेण्याची वेळ मशीन न वापरलेल्या १०० जणांमध्ये साधारण ७ जणांवर आली, वापरलेल्यांत २ पेक्षाही कमी जणांवर. पण हा पुरावा अगदी कमी दर्जाचा आहे, हेही त्याच आढाव्यात नोंदवलं आहे. अमेरिकेतल्या फिजिओथेरपिस्टांच्या संघटनेने त्याच वर्षी, अशा साध्या ऑपरेशननंतर सीपीएम नियमाने लावू नका, असा सल्ला दिला.

तरीही आपल्याकडे डिस्चार्जच्या कागदावर सीपीएम लिहिलेलं असतं आणि हॉस्पिटलच्या आसपासच्या सर्जिकल दुकानातून ते भाड्याने घरी येतं. भाड्याचे पैसे आणि फिजिओथेरपिस्टच्या घरच्या भेटी यांपैकी एकच परवडणार असेल, तर भेटी घ्या. त्या माणसाला गुडघ्याची वाटी हलते का, पेशंट चालताना पाय सरळ टेकवतो का, मांडीचा स्नायू जागा झाला का, हे कळतं. मशीनला यातलं काही कळत नाही.

मशीनची खरी गरज दुसरीकडे आहे. जखडलेला गुडघा ऑपरेशन करून मोकळा केला असेल, किंवा भूल देऊन वाकवला असेल, तर ऑपरेशन टेबलावर मिळालेला कोन पुढच्या काही दिवसांत हातचा जायला वेळ लागत नाही. सांधा आखडतो तो टप्प्याटप्प्याने: आधी आत रक्त साचतं, मग सूज, मग त्या जागी नवी मऊ ऊती, आणि शेवटी ती घट्ट होऊन व्रण. पहिल्या दोन टप्प्यांत सांधा पूर्ण वाकवला आणि पूर्ण सरळ केला की आतलं रक्त आणि पाणी दाबाने बाहेर सारलं जातं. म्हणून अशा ऑपरेशननंतर बरेच सर्जन त्याच दिवशी मशीन लावतात, आणि सुरुवातीपासून मोठा कोन ठेवतात. ‘दुखतंय, थोडंच वाकवू’ म्हणून ३०-४० अंशांतच पाय हलवत ठेवला तर तो दाब तयारच होत नाही. त्यासाठी दुखणं दाबणारी औषधं नीट सुरू असावी लागतात. वेदना आवरलेली नसेल तर हे जमत नाही.

सांध्याच्या आत गेलेलं फ्रॅक्चर प्लेट-स्क्रूने पक्कं बसवलं असेल, तेव्हाही मशीन कामाचं ठरतं. कूर्चेच्या ऑपरेशनांत तर तास मोजून लावतात. हाडाला बारीक छिद्रं पाडून नवी कूर्चा उगवू देण्याच्या ऑपरेशननंतर अमेरिकेतल्या कोलोरॅडोचे रिचर्ड स्टेडमन यांची पद्धत अशी होती: सुरुवातीला ३० ते ७० अंश, मिनिटाला एक फेरी, २४ तासांत ६ ते ८ तास, काही आठवडे. मशीन मिळालं नाही तर हाताने पाय वाकवून ५०० वेळा, दिवसातून तीनदा. या आकड्यांवरून लक्षात यावं की अशा पेशंटला रोजचा तासभर पुरणार नाही. कोणत्या ऑपरेशननंतर किती कोन, किती तास, किती दिवस, हे सर्जनकडून कागदावर लिहून घ्या. ‘मशीन लावा’ एवढ्यावर घरी जाऊ नका.

दुकानातून उचलण्यापूर्वी

मशीनचं वजन साधारण १२ ते १५ किलो आणि लांबी मीटरभर असते. लिफ्ट नसलेल्या इमारतीत दोन माणसं लागतात. पण त्याआधी पेशंटचं माप घ्या. खुब्याच्या बाहेरच्या बाजूला हाताला लागणाऱ्या हाडापासून गुडघ्याच्या सांध्याच्या रेषेपर्यंत टेप लावा: ही मांडीची लांबी. तिथून तळव्यापर्यंत: ही पोटरीची. मोठ्या माणसांच्या मशीनचा मांडीचा दांडा बहुधा ३० सेंमीच्या आसपास येऊन थांबतो, त्याहून आखूड होत नाही. पाच फुटांच्या आतल्या बायकांना हे मोजूनच घ्यावं लागतं, कारण दांडा लांब पडला की त्याचं टोक जांघेत रुततं आणि बिजागरी गुडघ्याच्या खाली पोटरीवर येते.

दुकानात मशीन रिकामं चालवून पाहू नका. घ्यायला गेलेल्या माणसाने स्वतःचा चांगला पाय त्यात ठेवून दोन-तीन फेऱ्या पूर्ण कराव्यात. गाडा कुठे अडखळतो का, सरळ होताना टोकाशी धक्का देतो का, थांबवायचं बटण दाबल्यावर लगेच थांबतो का, हे कळतं. रिमोटची वायर टोकाशी सोललेली नाही ना, वेल्क्रो पकडतं का, कोनाचे स्क्रू हाताने घट्ट होतात का, तेही पाहा. दांड्यावरची मऊ आवरणं बदलून मागा. तुमच्या आधी ज्याच्या पायाखाली ती होती त्याच्याही टाक्यांतून पाणी येत असू शकतं. दुकानदार नवी देत नसेल तर धुता येतील अशी आवरणं घ्या आणि धुऊन पूर्ण वाळल्यावरच वापरा. पावसाळ्यात हे एका दिवसात होत नाही, तेव्हा दोन जोड हवेत.

डिपॉझिट, भाडं दिवसाने की आठवड्याने, बिघाड झाला तर किती वेळात बदलून देणार, आणि बिघडलेल्या दिवसांचं भाडं कोणाचं, हे बिलावर लिहून घेतलेलं बरं.

पलंग आणि मांडणी

कापसाची गादी हा सीपीएमचा शत्रू आहे. कमरेखाली ती दबते, मशीन मात्र चौकटीवर उंच राहतं, आणि पेशंटची कंबर खड्ड्यात बसल्यामुळे वाकण्याचे १० अंश तिथेच जिरतात. गादी काढून दिवाणावर पातळ गादी टाका, किंवा गादी आणि मशीन यांच्यामध्ये पलंगाच्या रुंदीची प्लायवूडची फळी ठेवा. फळी कमरेखालीही यायला हवी. पलंग दोन माणसांचा असलेला बरा. अरुंद दिवाणावर मशीन बाजूला कलतं.

गुडघा वाकताना मशीन पाय वर ढकलतं आणि स्वतः पायथ्याकडे सरकू पाहतं. काही मिनिटांत ते चार-सहा सेंमी खाली गेलेलं असतं, आणि गुडघा वाकायच्या ऐवजी आख्खा पाय ओढला जातो. म्हणून चौकट पलंगाच्या पायथ्याच्या फळीला टेकवा. पायथ्याला फळी नसेल तर चौकटीच्या खाली योगा मॅट अंथरा आणि मशीन पलंगाच्या पायांना पट्ट्याने बांधा.

प्लग तीन पिनांचा, अर्थिंग असलेल्या सॉकेटमध्ये. एक्स्टेन्शनची वायर कुबड्या किंवा वॉकरच्या वाटेत नको. वीज गेली की पाय आहे त्या कोनात अडकतो, आणि घरचे घाबरून मशीन ओढायला लागतात. घाबरू नका. बहुतेक मशीनमध्ये पाय वरून मोकळाच असतो: पट्टे सोडा, एक हात गुडघ्याखाली आणि एक टाचेखाली घालून पाय उचला, आणि बाहेर काढून सरळ ठेवा. वीज परत आल्यावर आधी रिकामं मशीन सरळ करून घ्यायचं, सेटिंग पुन्हा वाचायचं, मगच पाय. काही मशीन वीज गेल्यावर जुना कोन विसरतात आणि कंपनीने घातलेल्या आकड्यांवर जातात. ताज्या ऑपरेशनच्या गुडघ्याला हे परवडत नाही.

कपडे सैल अर्धी चड्डी किंवा वर गुंडाळता येणारा गाऊन असे असावेत. साडी आणि परकर मांडीच्या आधाराखाली गोळा होतात, त्यांची घडी कातडीवर वळ उठवते, आणि पदर किंवा काठ गाड्यात अडकू शकतो.

पाय बसवणं

हे काम घाईने केलं जातं आणि सगळं इथेच चुकतं. मशीन पूर्ण सरळ स्थितीत आणून बंद करा. पेशंट उताणा, डोक्याखाली एक-दोन उशा; पाठ फार तर ३० अंश वर. भिंतीला टेकून बसलेल्या पेशंटची कंबर मागेपुढे सरकत राहते आणि वाकणं गुडघ्याऐवजी खुब्यात होतं. दोघांनी मिळून पाय उचलून आधारात ठेवा. आता बाजूने डोळा गुडघ्याच्या पातळीला आणून बघा: मशीनची बिजागरी आणि गुडघ्याच्या सांध्याची रेषा एका ओळीत हवी. सांध्याची रेषा वाटीच्या खालच्या टोकाच्या आसपास, बाहेरच्या बाजूला बोट दाबलं तर खाच लागते तिथे. बिजागरी पुढे-मागे झाली तर दांडा लांब-आखूड करा. पेशंटला वर-खाली ओढून जुळवू नका, कारण दहा मिनिटांत तो परत घसरतो. मांडीच्या आधाराचं वरचं टोक कुल्ल्याच्या घडीपासून तीन-चार बोटं खाली असावं.

तळवा पाटीला पूर्ण टेकलेला हवा, पायाची बोटं छताकडे. पाय बाहेरच्या बाजूला लोळत असेल तर मांडीच्या बाहेरून टॉवेलची गुंडाळी लावा. हे फक्त दिसायला नीट असावं म्हणून सांगत नाही. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, थोडं खाली, एक हाडाचा गोळा लागतो, आणि त्याला वळसा घालून पाऊल वर उचलणारी नस अगदी कातडीलगत जाते. पाय बाहेर लोळला की ती आधाराच्या कडेवर दाबली जाते. तासभर दाब राहिला तर पावलाच्या वरच्या भागाला मुंग्या येतात. त्याहून जास्त झालं तर पाऊल वर उचलताच येत नाही. मांडीतल्या नसेला बधिरतेचं इंजेक्शन दिलेलं असेल तर पेशंटला हा दाब कळतही नाही. पाय बधिर असेपर्यंत घरी मशीन लावायचं नाही, हा नियम पक्का ठेवा.

टाचेखाली फोम असला तरी दर अर्ध्या तासाने टाच बघा. मधुमेह असलेल्या पेशंटच्या टाचेवर लाली आली आणि बोटाने दाबून सोडल्यावरही ती पांढरी पडत नसेल, तर त्या दिवशीचं मशीन तिथेच थांबवा. पट्टे पाय सुटू नये एवढेच घट्ट असावेत; आत दोन बोटं सहज जायला हवीत.

आकडे

सेट करायच्या गोष्टी पाच: सरळ होण्याची मर्यादा, वाकण्याची मर्यादा, वेग, टोकाला थांबण्याचा वेळ, आणि एकूण वेळ. काही मशीनवर सहावी, जोराची मर्यादा, तिच्याबद्दल पुढे.

सरळ होण्याची मर्यादा ० ठेवा. मशीन उणे ५ किंवा उणे १० पर्यंत, म्हणजे सरळच्याही पलीकडे, जातं म्हणून सर्जनने सांगितल्याशिवाय तिकडे जाऊ नका. वाकण्याची मर्यादा सुरू करताना मागच्या वेळी जिथे थांबलात त्याच्या १० अंश कमी. पहिली १०-१५ मिनिटं गुडघा मोकळा होऊ द्या, मग ५ अंश वाढवा, पुन्हा १०-१५ मिनिटं थांबा, मग पुढचे ५. दिवसाला ५ ते १० अंशांची वाढ ही साधारण चाल. दुखणं शून्य ते दहाच्या मोजपट्टीवर ४-५ पर्यंत चालतं. ६ च्या वर गेलं, किंवा मशीन काढल्यावर तासाभरानेही तेवढंच ठणकत राहिलं, तर पुढच्या वेळी ५-१० अंश खाली या. सूज रोज वाढत असताना कोन वाढवत नेणं हे उलट्या दिशेने जाणं आहे, कारण सुजलेल्या गुडघ्यात वाकायला जागाच नसते.

वेग कमी ठेवा. मिनिटाला ९० अंश वेग असेल तर ० ते ९० जायला एक मिनिट आणि परत यायला एक. म्हणजे दोन तासांत ६० फेऱ्या. सुरुवातीला याहूनही हळू चालेल. वेग वाढवला की मांडीचे आणि मागचे स्नायू धास्तीने ताठ होतात, आणि मशीन स्नायूंशीच झगडत बसतं. दोन्ही टोकांना ५ सेकंदांचा थांबा द्या.

घरी साधारण दिवसातून दोन-तीन वेळा, दर वेळी एक ते दोन तास, असं सांगितलं जातं. कूर्चेच्या किंवा मोकळं करण्याच्या ऑपरेशननंतर याहून बरंच जास्त. दुखण्याची गोळी डॉक्टरांनी दिलेल्या वेळापत्रकात अशी बसवा की ती मशीनच्या अर्धा-पाऊण तास आधी पोटात गेलेली असेल. काढल्यावर कापडात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटं. मशीन लावून झोपायचं नाही. झोपेत पाय फिरतो, बिजागरी सरकते, आणि रिमोट हातातून पडलेला असतो.

खरा कोन मोजा

फिजिओथेरपिस्ट येणार नसतील त्या दिवशी फोन वापरा. बऱ्याच फोनमध्ये पातळी दाखवणारं अ‍ॅप असतं. मशीन वाकलेल्या टोकाला थांबवा. फोनची लांब कड मांडीच्या वरच्या बाजूला, मांडीच्या रेषेत ठेवा आणि आडव्या पातळीशी होणारा कोन वाचा. मग तीच कड नडगीच्या हाडावर. दोन्ही आकड्यांची बेरीज म्हणजे गुडघ्याचं वाकणं. मांडी ४२ आणि नडगी ३६ तर गुडघा ७८, पडद्यावर ९० असो की ९५. फोन नको असेल तर बरोबर बाजूने, गुडघ्याच्या उंचीवरून फोटो काढा, खुबा-गुडघा-घोटा जोडणाऱ्या दोन रेषा मारा, कंपासपेटीतला कोनमापक लावा, आणि आतला कोन १८० मधून वजा करा.

हा फरक रोज साधारण सारखाच राहिला, समजा १२, तर घाबरण्यासारखं काही नाही. वहीत मशीनचा आणि खरा असे दोन रकाने करा. फरक अचानक वाढला तर मांडणी बिघडलीय: कंबर उचलली जातेय, मशीन सरकलंय, किंवा तळवा पाटीपासून सुटलाय. सर्जनला फोनवर नेहमी खरा आकडा सांगा. पडद्यावरचा आकडा सांगितला तर जखडत चाललेला गुडघाही त्यांना ठीक वाटेल.

सरळ होणं मशीनवर सोडू नका

सगळ्यांचं लक्ष वाकण्याकडे असतं. चालायला मात्र गुडघा आधी पूर्ण सरळ व्हावा लागतो. साध्या चालीत पाय पुढे टाकताना गुडघा ६०-६५ अंशच वाकतो. पण तो १०-१५ अंश वाकलेलाच राहिला तर दर पावलाला मांडीचा स्नायू ताणलेला राहतो, माणूस लंगडतो आणि लवकर थकतो. मशीन ० दाखवत असताना पोटरीखालचा मऊ आधार आणि मांडीचं मांस यांमुळे गुडघा खरं तर ५-१० अंश वाकलेलाच असतो. सीपीएम हे सरळ करण्याचं साधन नव्हे.

मशीन काढल्यावर घोट्याखाली टॉवेलची जाड गुंडाळी ठेवा, गुडघ्याखाली काहीच नको, आणि पाय तसाच १० मिनिटं सोडून द्या; दिवसातून तीन-चार वेळा. त्याच वेळी मांडी आवळून गुडघा खाली दाबायचा, ५ सेकंद धरायचा, १० वेळा. गुडघ्याखाली उशी घेऊन झोपल्यावर फार बरं वाटतं, आणि तीच उशी गुडघा वाकडा ठेवते. घरातल्या मोठ्यांना हे पटवणं मशीन लावण्यापेक्षा अवघड असतं. तरी ती उशी काढाच.

काय बिघडतं

मशीन अर्ध्यावरून परत फिरतं: जोराची मर्यादा ओलांडली गेली की ते स्वतःच दिशा बदलतं. आधी कारण शोधा. पाय जड असेल, पट्टा गाड्यात अडकला असेल, पण बहुतेक वेळा गुडघा वाकायला विरोध करतोय. जोराची मर्यादा वाढवून गुडघा ‘मोडून’ काढायचा नसतो. १० अंश कमी करा, वेग कमी करा, पेशंटला लांब श्वास घेऊ द्या.

कंबर किंवा जांघ दुखते: मांडीचा दांडा लांब. घोटा दुखतो: पाटीचा कोन पावलाला जबरदस्तीने वर किंवा खाली ढकलतोय. वाटीच्या खाली टोचल्यासारखं होतं: बिजागरी वर-खाली झालीय. टाक्यांमधून ओल वाढते: पहिल्या काही दिवसांत जास्त वाकवल्याने जखमेच्या कडा ताणल्या जातात, म्हणून कोन कमी करा आणि ड्रेसिंग दाखवा. पाणी येणं थांबत नसेल, जखमेभोवती लाली पसरत असेल, ताप असेल, तर मशीन बंद आणि त्याच दिवशी सर्जन.

एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागते, दाबल्यावर दुखते: रक्ताची गुठळी असू शकते. मशीन लावू नका, पोटरी चोळू नका, तेल तर अजिबात नको. लगेच तपासून घ्या. त्याबरोबर किंवा एकदम धाप लागली, छातीत दुखलं, तर १०८ ला फोन करा. मशीन रक्ताची गुठळी होऊ देत नाही असं दुकानात सांगितलं जातं. त्यावर विसंबून रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या किंवा इंजेक्शनं चुकवू नका. घोटा वर-खाली करण्याचा व्यायाम तासाला २० वेळा, मशीन असो वा नसो. पाऊल वर उचलता येत नसेल तर ‘उद्या बघू’ म्हणायचं नाही.

फ्रॅक्चर पक्कं बसलेलं नसेल, सांध्यात संसर्ग असेल, किंवा लकव्यामुळे पायाचे स्नायू झटके देत असतील, तर घरी मशीन लावायचंच नाही.

मशीन कधी परत द्यायचं

खरा कोन ९०-१०० च्या पुढे गेला, पेशंट तेवढा स्वतःच्या जोरावर वाकवतोय, आणि दोन-तीन दिवस मशीनने काही वाढवलेलं नाही, तर फिजिओथेरपिस्टला विचारून परत करा. आठवडाभर ठेवून पाहू म्हणून भाडं भरत राहण्यात अर्थ नाही. कूर्चेच्या ऑपरेशनला हे लागू नाही. तिथे ठरलेले आठवडे पूर्ण करायचे, कारण तिथे हेतूच वेगळा आहे.

पुढचं काम साध्या वस्तूंवर होतं. पलंगावर गुळगुळीत प्लास्टिकची पिशवी टाचेखाली ठेवा, तळव्याला टॉवेल अडकवून दोन्ही टोकं हातात धरा, टाच कुल्ल्याकडे ओढा, टोकाला १० सेकंद धरा. १५-२० वेळा, दिवसातून तीनदा. पलंगाच्या कडेला बसून पाय लोंबकळू द्या आणि चांगल्या पायाने दुखऱ्या पायाला मागे ढकला. खुर्चीत बसून पाऊल जमिनीवर पक्कं टेकवा आणि बसूनच पुढे सरका. गुडघा आपोआप वाकतो.

गुडघा बदलल्यानंतर साधारण दोन आठवड्यांत ९०, सहा आठवड्यांत ११० च्या आसपास, अशी अपेक्षा ठेवतात. ऑपरेशनच्या आधी गुडघा जितका वाकत होता त्यावर शेवटचा कोन बराच अवलंबून असतो; वर्षानुवर्षं ८० वर अडकलेल्या गुडघ्याकडून १३० मागू नका. खुर्चीतून उठायला ९० ते १०५ लागतात. मांडी घालायला किंवा उकिडवं बसायला त्याहून बरेच जास्त, आणि ते बसवलेल्या सांध्याला चालेल का हे सर्जनच सांगू शकतात. सहा आठवड्यांनंतरही खरा कोन ९० च्या खाली असेल, तर तिसरा महिना उजाडायची वाट न पाहता सर्जनची वेळ घ्या. भूल देऊन गुडघा वाकवून घ्यायचा असेल तर पहिल्या बारा आठवड्यांत व्रण अजून मऊ असतो. नंतर त्याच कामासाठी पुन्हा ऑपरेशन लागू शकतं.